तीन मिनिटांचे गीत आणि आठवड्याचा निवाडा : नव्या पॉप गीतांच्या साप्ताहिक परीक्षणाचे स्वरूप

सारांश

दर आठवड्याला प्रसिद्ध होणाऱ्या नव्या पॉप गीतांचे परीक्षण करणे आणि त्यांतील निवडक गीतांची शिफारस करणे ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने ब्रिटन व अमेरिकेत रुजलेली एक स्वतंत्र लेखनपद्धती आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीची जडणघडण, तिच्यात एकत्र आलेल्या परीक्षण, शिफारस व भाकीत या तीन क्रियांमधील भेद, तिच्यापुढील प्रामाणिकपणाचा प्रश्न आणि संगणकीय शिफारशीच्या काळातील तिचे स्थान यांचे विवेचन केले आहे. भारतीय संदर्भासाठी ‘बिनाका गीतमाला’ या नभोवाणी कार्यक्रमाचा विचार केला असून, शेवटी महाविद्यालयीन अध्यापनातील एक उपयोग सुचविला आहे.

बीजसंज्ञा : जनसंगीत, सिंगल, परीक्षण, शिफारस, लोकप्रियतेची क्रमवारी, अभिरुची.

१. प्रस्तावना

ग्रंथपरीक्षण, नाट्यपरीक्षण आणि चित्रपटपरीक्षण ही सदरे मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहेत. संगीताच्या क्षेत्रातही मैफलीचे वृत्त आणि गायकीची चिकित्सा यांची परंपरा आपल्याकडे आहे. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने केलेले लेखन हे तिचे ठळक उदाहरण होय. मात्र बाजारात आलेल्या एका सुट्या गाण्याचे, तेही ते आले त्याच आठवड्यात, चार-सहा ओळींत परीक्षण करून ‘हे ऐका’ किंवा ‘हे सोडून द्या’ असे सांगण्याची परंपरा मराठीत तितकीशी रुजली नाही. ब्रिटनमध्ये मात्र हे काम अर्धशतकाहून अधिक काळ अव्याहत चालले.

डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी सांगताना लोकसंगीत, कलासंगीत यांच्याबरोबर ‘जनसंगीत’ अशी स्वतंत्र कोटी मानली. प्रसारमाध्यमे, बाजारपेठ आणि बदलती रुची यांच्याशी घट्ट जोडलेले संगीत ते जनसंगीत, असे स्थूलमानाने म्हणता येईल. पॉप संगीत हे या कोटीतील आहे. कलासंगीताचे निकष लावून त्याला हिणविणे जितके सोपे, तितकेच ‘लोकांना आवडते म्हणजे चांगले’ असे म्हणून मोकळे होणेही सोपे आहे. साप्ताहिक परीक्षण लिहिणाऱ्याला या दोन्ही पळवाटा उपलब्ध नसतात. त्याच्यापुढे एक विशिष्ट गाणे असते आणि त्याविषयी त्याला आजच काही म्हणावयाचे असते.

म्हणूनच हा विषय केवळ संगीताच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. अपुऱ्या माहितीवर, थोड्या वेळात, पण जाहीरपणे आणि कारणांसह निर्णय देणे ही गोष्ट उत्तरपत्रिका तपासणाऱ्या, शोधनिबंधावर अभिप्राय लिहिणाऱ्या आणि निवड समितीवर बसणाऱ्या प्रत्येक अध्यापकाच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

२. ‘सिंगल’ : वस्तू आणि तिचा काळ

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. गाण्याची लांबी प्रथम ठरविली ती या तांत्रिक मर्यादेने. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घ वाजणारी तबकडी आणली आणि १९४९ मध्ये आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची सात इंची लहान तबकडी बाजारात आणली. पुढे दीर्घ तबकडी हे अनेक रचनांच्या संग्रहाचे आणि लहान तबकडी हे एकेका गाण्याचे माध्यम झाले. एका बाजूला मुख्य गाणे, दुसऱ्या बाजूला दुय्यम गाणे, असा हा ‘सिंगल’ असे.

सिंगल ही वस्तू तीन कारणांनी महत्त्वाची ठरली. पहिले कारण किमतीचे : शाळकरी मुलांना हातखर्चाच्या पैशांतून ती विकत घेता येई. दुसरे कारण नभोवाणीचे आणि नाणे टाकून गाणे वाजविणाऱ्या ज्यूकबॉक्सचे : दोहोंना सुटी गाणी लागत. तिसरे कारण मोजणीचे : विकल्या गेलेल्या तबकड्या मोजता येत. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ने १९४० पासून विक्रीची क्रमवारी छापावयास आरंभ केला आणि ४ ऑगस्ट १९५८ पासून ‘हॉट १००’ ही यादी सुरू झाली. ब्रिटनमध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात पहिली क्रमवारी छापली. तिच्यासाठी पर्सी डिकिन्स यांनी सुमारे २० दुकानांना दूरध्वनी करून विक्रीची माहिती मिळविली होती. अल मार्टिनो यांचे ‘हिअर इन माय हार्ट’ हे गीत त्या यादीत पहिले होते आणि ते नऊ आठवडे पहिलेच राहिले.

क्रमवारीने आठवडा हे कालमापन पक्के केले. नवी गाणी ठरावीक वारी येत, विक्री त्या त्या आठवड्याची मोजली जाई आणि निकाल पुढील अंकात लागे. परीक्षणालाही मग हाच आठवड्याचा ताल स्वीकारावा लागला. गाणे बाजारात आल्यावर महिनाभराने लिहिलेले परीक्षण ग्राहकाच्या दृष्टीने शिळे असे.

३. साप्ताहिक परीक्षणाची जडणघडण

ध्वनिमुद्रिकांच्या परीक्षणाचा आरंभ कलासंगीताच्या क्षेत्रात झाला. कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी १९२३ मध्ये ‘द ग्रामोफोन’ हे मासिक काढले. नृत्यसंगीत आणि जॅझ यांसाठी ‘मेलडी मेकर’ हे नियतकालिक १९२६ मध्ये निघाले. ते आरंभी मासिक होते, पुढे साप्ताहिक झाले. १९५२ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’, १९५४ मध्ये ‘रेकॉर्ड मिरर’, १९५८ मध्ये ‘डिस्क’ आणि १९७० मध्ये ‘साउंड्स’ अशी साप्ताहिकांची मालिकाच उभी राहिली.

या साप्ताहिकांतील सिंगल्सचे पान साधारणपणे असे तयार होई. ध्वनिमुद्रण कंपन्या प्रसिद्धीच्या तारखेपूर्वी परीक्षणार्थ प्रती पाठवीत. आठवड्याच्या शेवटी संपादकीय कार्यालयात अशा कित्येक डझन तबकड्यांची चळत जमे. ती एका लेखकाच्या हवाली केली जाई. तो एका बैठकीत किंवा फार तर दोन दिवसांत सर्व ऐके, एका गाण्याला ‘आठवड्यातील सर्वोत्कृष्ट’ म्हणून पानाच्या शिरोभागी स्थान देई, दहा-बारा गाण्यांवर परिच्छेद लिही आणि उरलेल्यांची वासलात एका-एका वाक्यात लावी. काही साप्ताहिकांत हे काम आळीपाळीने केले जाई, तर काहींत एकच लेखक वर्षानुवर्षे ते सांभाळी.

दोन्ही पद्धतींत लाभ-हानी होती. आळीपाळीने लिहिणाऱ्यांमुळे पानाला विविधता येई, पण निकष आठवड्यागणिक बदलत. एकाच लेखकामुळे वाचकाला त्याच्या आवडीनिवडीचा अंदाज येई. ‘हा ज्याला नावे ठेवतो ते मला हमखास आवडते’ असे म्हणणारा वाचकही त्या लेखकाचा उपयोगच करून घेत असे. परीक्षकाची सुसंगती ही त्याच्या अचूकतेपेक्षा कधी कधी अधिक उपयुक्त ठरते, ती अशी.

गुणांकनाच्याही वेगवेगळ्या रीती होत्या. ‘बिलबोर्ड’ हे व्यवसायाचे पत्र असल्याने त्याची परीक्षणे दुकानदार, ज्यूकबॉक्सचे मालक आणि नभोवाणी केंद्रे यांच्यासाठी असत. १९५० च्या दशकात त्यांत १०० पैकी गुण देण्याची पद्धत होती. ते गुण कलात्मक दर्जापेक्षा विक्रीची शक्यता सांगत. याउलट रॉबर्ट ख्रिस्टगाउ यांनी १९६९ पासून ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये ‘कन्झ्युमर गाइड’ हे सदर लिहिताना दीर्घ तबकड्यांना महाविद्यालयीन पद्धतीच्या अक्षरश्रेणी दिल्या. ती श्रेणी लेखकाच्या स्वतःच्या मताची होती. एकच आकडा किंवा एकच अक्षर, पण त्यामागील प्रश्न भिन्न, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

४. परीक्षण, शिफारस आणि भाकीत

सिंगल्सच्या परीक्षणात तीन वेगळ्या क्रिया एकत्र आलेल्या असतात. ‘हे गाणे कसे आहे व का तसे आहे’ हे सांगणे म्हणजे परीक्षण. ‘तुम्ही हे ऐकावे’ असे सांगणे म्हणजे शिफारस. ‘हे गाणे चालेल’ असे सांगणे म्हणजे भाकीत. पहिल्या क्रियेचा संबंध गाण्याशी, दुसरीचा श्रोत्याशी आणि तिसरीचा बाजाराशी आहे. तिन्हींची सरमिसळ झाली की परीक्षण दुबळे होते.

बी. बी. सी. दूरचित्रवाणीवरील ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ या कार्यक्रमाने तिसऱ्या क्रियेलाच खेळाचे रूप दिले. जून १९५९ ते डिसेंबर १९६७ या काळात चाललेल्या या कार्यक्रमात डेव्हिड जेकब्स हे सूत्रसंचालक नवी तबकडी वाजवीत, चौघे परीक्षक मत देत, आणि ‘चालेल’ असा निर्णय झाला की घंटा, ‘पडेल’ असा झाला की भोंगा वाजविला जाई. कधी कधी ज्याच्या गाण्यावर चर्चा चालली आहे तो कलावंतच पडद्याआड बसविलेला असे आणि निर्णयानंतर बाहेर येऊन परीक्षकांशी हस्तांदोलन करी. ७ डिसेंबर १९६३ च्या कार्यक्रमात ‘बीटल्स’चे चौघे सदस्यच परीक्षक होते. करमणूक म्हणून हा प्रकार यशस्वी झाला. पण येथे गाण्याविषयी काय बोलले गेले यापेक्षा घंटा वाजली की भोंगा, हेच प्रेक्षकांच्या स्मरणात राही.

याच काळात ‘डिस्क’ साप्ताहिकात पेनी व्हॅलेंटाइन या दर आठवड्याला नव्या सिंगल्सचे परीक्षण लिहीत असत. पॉप संगीताविषयी गांभीर्याने लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतील स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. जुलै १९६९ मध्ये डेव्हिड बोवी या तोवर फारसे यश न मिळालेल्या गायकाचे ‘स्पेस ऑडिटी’ हे गीत प्रसिद्ध झाले. व्हॅलेंटाइन यांनी त्याची मनःपूर्वक प्रशंसा केली आणि ते मोठे यश मिळवील असेही लिहिले. परंतु गाणे लगेच चालले नाही. ते क्रमवारीत आले सप्टेंबरमध्ये आणि पाचव्या स्थानावर पोहोचले नोव्हेंबरमध्ये. १९७५ मध्ये त्याची पुन्हा काढलेली आवृत्ती पहिल्या स्थानी गेली. ऑगस्ट १९६९ मध्ये कोणी हिशेब मांडला असता तर व्हॅलेंटाइन यांचे भाकीत चुकले असे म्हणावे लागले असते, नोव्हेंबरमध्ये ते बरोबर ठरले आणि सहा वर्षांनी अधिकच बरोबर ठरले. त्यांचे परीक्षण मात्र या तिन्ही वेळी तेच होते. विक्रीचे आकडे बदलल्याने गाण्यातील गुण बदलत नाहीत, त्याचप्रमाणे परीक्षणाचे मोलही बदलत नाही.

उलट दिशेचे उदाहरणही पाहण्याजोगे आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये आलेला ‘बीटल्स’चा ‘लव्ह मी डू’ हा सिंगल त्या वेळी ब्रिटिश क्रमवारीत १७ व्या स्थानापलीकडे गेला नाही. त्याला मध्यम प्रतीचे गाणे म्हणणारा परीक्षक पुढील इतिहासाच्या प्रकाशात हास्यास्पद दिसेल, पण त्या गाण्यापुरते त्याचे मत अवाजवी होते असे म्हणता येणार नाही. परीक्षकाने परीक्षावयाचे असते ते गाणे. कलावंताचे भवितव्य हा वेगळा विषय आहे.

शिफारशीचे शुद्ध रूप जॉन पील यांच्या एका कृतीत दिसते. १९६७ पासून २००४ मधील मृत्यूपर्यंत बी. बी. सी. रेडिओ १ वर निवेदन करणाऱ्या पील यांनी सप्टेंबर १९७८ मध्ये बेलफास्टच्या एका छोट्या संस्थेने काढलेले ‘द अंडरटोन्स’ या तरुण वाद्यवृंदाचे ‘टीनएज किक्स’ हे गीत लागोपाठ दोनदा वाजविले. लांबलचक प्रशंसेची त्यांना गरज भासली नाही. गाणे क्रमवारीत ३१ व्या स्थानापर्यंतच पोहोचले, पण पील यांच्या श्रोत्यांसाठी ती शिफारस सार्थ ठरली. शिफारशीचे यश विक्रीने मोजावयाचे नसून योग्य श्रोता आणि योग्य गाणे यांची गाठ पडली की नाही, यावरून मोजावयाचे असते.

५. भाकीत का चुकते?

अनुभवी परीक्षकांची भाकितेही वारंवार का चुकतात, याचे उत्तर समाजशास्त्रातील एका प्रयोगाने बऱ्याच अंशी दिले. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४,३४१ सहभागी व्यक्तींना अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकावयास दिली. काहींना केवळ गाणी दिसत. इतरांना आठ स्वतंत्र गटांत विभागून, आपल्या गटातील आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले हे दाखविले जाई. परिणाम असा की, इतरांची पसंती दिसू लागताच लोकप्रिय व अप्रिय गाण्यांतील अंतर वाढले, शिवाय वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर आली. अतिशय चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अतिशय वाईट गाणी सहसा शिखरावर पोहोचली नाहीत. मधल्या सर्वांच्या बाबतीत मात्र काहीही घडू शकत होते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. गुणवत्ता अगदीच निरर्थक नाही, म्हणून परीक्षणाला अर्थ उरतो. पण आरंभीच्या काही श्रोत्यांची योगायोगाने घडलेली निवड पुढील सारे चित्र पालटू शकते, म्हणून भाकिताला मर्यादा पडतात. साप्ताहिक परीक्षक हा स्वतःच अशा आरंभीच्या श्रोत्यांपैकी एक असतो. तो प्रवाहाच्या काठावर उभा राहून अंदाज बांधीत नसतो, त्याच्या शब्दाने प्रवाहाची दिशाही थोडी बदलते. ही त्याची शक्ती आहे आणि जबाबदारीही.

मानसशास्त्रातील दुसरा निष्कर्षही येथे लागू पडतो. रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ मध्ये असे दाखविले की, केवळ वारंवार परिचयाने एखाद्या उद्दीपकाविषयीची अनुकूलता वाढू शकते. परीक्षक गाणे एकदा-दोनदा ऐकून लिहितो. तेच गाणे नभोवाणीवरून आठवडाभरात वीस वेळा ऐकणाऱ्या श्रोत्याचे मत त्याच्यापेक्षा वेगळे होणे स्वाभाविक आहे. पहिल्या श्रवणात थिटे वाटलेले गाणे दहाव्या श्रवणात मनात घर करते, तर प्रथम चमकदार वाटलेले तिसऱ्या वेळी फिके पडते. आठवड्याच्या मुदतीने परीक्षकाकडून हिरावून घेतलेली ही दहा श्रवणे हाच या लेखनप्रकारातील अंगभूत दोष आहे.

६. नावाचा प्रभाव

तबकडीवरील नाव वाचल्याबरोबर परीक्षकाचे मन अर्धे ठरलेले असते. प्रसिद्ध गायकाचे सामान्य गाणे सांभाळून घेतले जाते आणि अज्ञात गायकाचे चांगले गाणे घाईत निसटते. यावर उपाय म्हणून जॅझ समीक्षक लेनर्ड फेदर यांनी १९४६ मध्ये ‘मेट्रोनोम’ मासिकात आणि १९५१ पासून ‘डाउनबीट’मध्ये ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ हे सदर चालविले. त्यात नामवंत वादकाला नावे न सांगता ध्वनिमुद्रिका ऐकवून मत विचारले जाई. ‘मेलडी मेकर’ने हीच कल्पना ‘ब्लाइंड डेट’ या नावाने नव्या पॉप सिंगल्सना लागू केली. विद्यापीठीय परीक्षांत उत्तरपत्रिकेवरील नाव झाकण्याची पद्धत आणि विद्वत्पत्रिकांतील लेखकाचे नाव न सांगता केले जाणारे परीक्षण यांमागील तत्त्व नेमके हेच आहे.

मात्र येथे एक मर्यादाही दिसते. पॉप गीताचा अर्थ पुष्कळदा ते कोण गाते यावर अवलंबून असतो. गायकाचे वय, त्याची पूर्वीची गाणी, त्याची प्रतिमा ही सर्व गाण्याच्या आशयात मिसळलेली असतात. नाव झाकल्याने पक्षपात कमी होतो, पण अर्थाचा काही भागही झाकला जातो. म्हणून प्रथम नावाविना आणि मग नावासह, असे दोन टप्प्यांचे श्रवण अधिक न्याय्य ठरावे.

७. प्रामाणिकपणाचा प्रश्न

ज्याच्या शब्दाला बाजारात किंमत आहे, त्याचा शब्द विकत घेण्याचा प्रयत्न होणारच. अमेरिकेत नभोवाणी निवेदकांना पैसे देऊन गाणी वाजवून घेण्याच्या प्रकाराला ‘पेओला’ असे नाव पडले. १९५९-६० मध्ये प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने त्याची चौकशी केली. रॉक अँड रोलचे विख्यात निवेदक अ‍ॅलन फ्रीड यांची नोकरी गेली आणि १९६२ मध्ये त्यांनी लाचखोरीच्या दोन आरोपांत गुन्हा कबूल केला. १९६० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, मोबदला घेऊन ते उघड न करता गाणे प्रक्षेपित करणे हा गुन्हा ठरला. येथे कायद्याचा रोख पैशापेक्षा लपवाछपवीवर आहे, ही बाब महत्त्वाची आहे. जाहिरात ही जाहिरात म्हणून आली तर श्रोता सावध राहतो, शिफारशीच्या वेषात आली तर तो फसतो.

छापील साप्ताहिकांत पैशाच्या पाकिटापेक्षा सूक्ष्म दडपणे होती. ज्या कंपन्यांच्या तबकड्यांचे परीक्षण करावयाचे, त्याच कंपन्यांच्या जाहिरातींवर साप्ताहिकाचे अर्थकारण चाले. परीक्षणाच्या प्रती, मैफलींची निमंत्रणे, प्रवास, मुलाखती हे सर्व त्यांच्याच हाती असे. अशा स्थितीतही अनेकांनी परखड लेखन केले, हे त्या परंपरेचे श्रेय होय.

परखडपणाची दुसरी कसोटी अंतर्गत आहे. हल विद्यापीठाचे ग्रंथपाल आणि कवी फिलिप लार्किन यांनी १९६१ ते १९७१ या काळात ‘डेली टेलिग्राफ’मध्ये जॅझ ध्वनिमुद्रिकांचे मासिक परीक्षण लिहिले. ते १९७० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध करताना प्रस्तावनेत त्यांनी मान्य केले की, आधुनिक जॅझ त्यांना मनापासून आवडत नव्हता आणि तरीही आरंभी ते सरसकट प्रशंसाच करीत गेले होते. कोणी पैसे दिले नव्हते. मागासलेले ठरण्याच्या संकोचापोटीही मत दडपले जाऊ शकते. याच्या अगदी विरुद्ध टोकाला, जॅझच्या संस्कारात वाढलेले स्टीव्ह रेस यांनी १९५६ मध्ये ‘मेलडी मेकर’मधून रॉक अँड रोलचा कठोर निषेध केला. त्यांनी आपले मत लपविले नाही, पण एका प्रकारच्या संगीताचे निकष दुसऱ्या प्रकाराला जसेच्या तसे लावले. प्रामाणिकपणा आवश्यक आहे, पण पुरेसा नाही, एवढाच याचा अर्थ.

८. आपल्याकडील अनुभव : गीतमाला

भारतात सुट्या पॉप गीतांऐवजी चित्रपटगीत हेच जनसंगीताचे प्रमुख रूप राहिले. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आणि निर्मात्यांशी झालेल्या वादामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. ३ डिसेंबर १९५२ रोजी अमीन सयानी यांच्या निवेदनासह ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आरंभी सात गाणी वाजवून श्रोत्यांना ती कालक्रमानुसार लावावयास सांगितले जाई. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली, असे सयानी सांगत. पुढे लवकरच ती रीतसर क्रमवारी झाली आणि तीत तबकड्यांच्या विक्रीबरोबर श्रोता संघांची मतेही विचारात घेतली जाऊ लागली. गाण्याचे स्थान सांगण्यासाठी सयानी ‘पायदान’ हा शब्द वापरीत. आकाशवाणीनेही ३ ऑक्टोबर १९५७ पासून ‘विविध भारती’ सुरू करून लोकांच्या आवडीची दखल घेतली.

गीतमाला ही क्रमवारी होती, परीक्षण नव्हते. सयानी गाण्याविषयी आपुलकीने बोलत, पण ते चांगले की वाईट याचा निवाडा करीत नसत. लाखो श्रोत्यांना एकाच रात्री एकत्र आणणारा तो सोहळा होता. त्यामुळे आपल्याकडे गाण्याचे ‘कितवे स्थान’ हा प्रश्न घराघरांत चर्चिला गेला, मात्र ‘ते स्थान योग्य आहे का व कशावरून’ हा प्रश्न लेखी स्वरूपात फारसा विचारला गेला नाही. केसकरांनी वरून अभिरुची लादू पाहिली, गीतमालेने खालून आलेली आवड मोजली. या दोहोंच्या मध्ये, कारणे देऊन मत मांडणाऱ्या साप्ताहिक परीक्षकाची जागा बहुतांशी रिकामी राहिली.

९. संगणकीय शिफारशीचा काळ

पश्चिमेतही ही जागा आता आक्रसली आहे. ‘साउंड्स’ आणि ‘रेकॉर्ड मिरर’ १९९१ मध्ये बंद पडले, ‘मेलडी मेकर’ २००० च्या अखेरीस ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मध्ये विलीन झाले आणि त्याही साप्ताहिकाची छापील आवृत्ती मार्च २०१८ मध्ये थांबली. ब्रिटिश क्रमवारीत जुलै २०१४ पासून प्रवाहित श्रवणाची गणना होऊ लागली. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करण्याचा संकेत रूढ झाला. त्याच महिन्यात ‘स्पॉटिफाय’ने ‘डिस्कव्हर वीकली’ ही सेवा सुरू केली. तीत दर सोमवारी प्रत्येक ग्राहकाला त्याच्यापुरती ३० गाण्यांची यादी मिळते. आठवड्याचा ताल टिकला, परीक्षक मात्र गेला.

संगणकीय शिफारशीचे फायदे नाकारता येत नाहीत. दररोज एक लाखाच्या आसपास नवी ध्वनिमुद्रणे अपलोड होतात, असे संगीत व्यवसायातील धुरीणांनीच २०२२ मध्ये सांगितले होते. इतके कोणताही मनुष्य ऐकू शकणार नाही. शिवाय गाणे ऐकण्यासाठी आता ते विकत घ्यावे लागत नाही, त्यामुळे ‘पैसे वाया जाऊ नयेत’ हा परीक्षणाचा जुना उपयोग संपला आहे.

पण तीन गोष्टी गमावल्या गेल्या. पहिली, कारण. तुमच्यासारख्या इतरांनी हे ऐकले, यापलीकडे यंत्राची शिफारस गाण्याविषयी काही सांगत नाही. दुसरी, मतभेदाची शक्यता. छापील परीक्षणावर वाचक चिडून पत्र लिहीत असे. यादीशी वाद घालता येत नाही, फक्त गाणे पुढे ढकलता येते. तिसरी, सामायिकता. प्रत्येकाची यादी निराळी असल्याने ‘या आठवड्यातील गाणे’ अशी सर्वांची मिळून काही वस्तू उरत नाही. जुना प्रश्नही नव्या रूपात परतला आहे. २०२० मध्ये ‘स्पॉटिफाय’ने कमी मानधन स्वीकारणाऱ्यांच्या गाण्यांना शिफारशीत प्राधान्य देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा पेओलाची आठवण अनेकांना झाली आणि २०२१ मध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधींनी कंपनीला त्याविषयी लेखी विचारणा केली.

१०. अध्यापनातील उपयोग

भाषा, समाजशास्त्र, मानसशास्त्र वा वाणिज्य या विषयांच्या वर्गात हा लेखनप्रकार स्वाध्याय म्हणून वापरता येईल. त्याची रूपरेषा अशी सुचविता येते : विद्यार्थ्यांना त्या आठवड्यात प्रसिद्ध झालेले एकच गाणे, शक्यतो कोणत्याही भारतीय भाषेतील, नाव न सांगता दोनदा ऐकवावे आणि प्रत्येकाने १५० शब्दांत परीक्षण लिहावे. त्यात काय ऐकू आले याचे वर्णन, त्याविषयीचे मत व त्याची कारणे, आणि हे गाणे कोणाला आवडेल हे तीन भाग वेगळे असावेत. गाणे चालेल की नाही याचे भाकीत स्वतंत्र कागदावर लिहून पाकिटात बंद करावे. सत्राच्या अखेरीस गाणे पुन्हा ऐकवून, पाकीट उघडून, प्रत्येकाने आपल्याच जुन्या परीक्षणाचे परीक्षण करावे.

या स्वाध्यायात खर्च नाही आणि संगीताचे शास्त्रीय ज्ञानही अनिवार्य नाही. विद्यार्थ्याला त्यातून तीन सवयी लागू शकतात : मत देण्यापूर्वी वर्णन करणे, स्वतःची आवड आणि वस्तूचा गुण यांत भेद करणे, आणि आपले मत बदलले तर ते का बदलले हे सांगणे. अध्यापकालाही विद्यार्थ्यांच्या कानांवर प्रत्यक्षात काय पडते याची ओळख होते. तरुणांच्या संगीताला सरसकट नावे ठेवण्याआधी ते निदान दोनदा ऐकावे, एवढी अपेक्षा आपण स्वतःकडूनही ठेवावयास हरकत नाही.

११. निष्कर्ष

१. नव्या गीतांचे साप्ताहिक परीक्षण ही लहान तबकडी, विक्रीची क्रमवारी आणि साप्ताहिक पत्रकारिता यांच्या संयोगातून घडलेली स्वतंत्र लेखनपद्धती आहे.

२. परीक्षण, शिफारस व भाकीत या तीन भिन्न क्रिया असून भाकीत चुकल्याने परीक्षण चुकीचे ठरत नाही.

३. आरंभीच्या पसंतीचा पुढील लोकप्रियतेवर प्रभाव पडत असल्याने परीक्षक हा तटस्थ प्रेक्षक राहत नाही. म्हणून त्याच्या हितसंबंधांची उघड नोंद आवश्यक ठरते.

४. क्रमवारी आवड मोजते आणि संगणकीय यादी आवडीचा अंदाज घेते, परंतु आवडीची कारणे या दोहोंतूनही मिळत नाहीत. ते काम लिहिणाऱ्या माणसालाच करावे लागते.

आठवड्यातील बहुतेक गाणी विसरली जातात आणि त्यांची परीक्षणेही. तरीही ज्या आठवड्यात कोणी एका अनोळखी गाण्याजवळ थांबून, ते का ऐकावे हे चार ओळींत नीट सांगितले, त्या आठवड्यात एक गाणे आणि एक श्रोता यांची भेट घडली. जनसंगीताच्या अफाट गर्दीत एवढे घडविणेही लहान काम नव्हे.